सात वर्षांचा बहावा, अजून एकही घोस नाही

प्रश्न:
पुण्यात बंगल्याच्या बागेत बियांपासून वाढवलेला बहावा आहे. उंची १४ फूट, ऊन भरपूर, पानांनी गच्च. बुंध्यापर्यंत लॉन असून स्प्रिंकलर बारा महिने दिवसाआड चालतो. लॉनला दर महिन्याला युरिया. फांद्या वायरींना लागतात म्हणून जानेवारीत छाटणी होते. रस्त्यावरचे बहावे एप्रिल-मेमध्ये पिवळेधमक आणि याला नुसता पाला. काय चुकतंय?

उत्तर १:
वयाचा प्रश्न नाही. बियांचा बहावा साधारण पाच ते आठ वर्षांत फुलावर येतो. पण हे मुळात पानगळीच्या रानातलं झाड. हिवाळा सरताना जमीन सुकते, ते पानं गाळतं आणि त्या ताणानंतर बहरतं. तुमचं लॉन त्याला ताण बसूच देत नाही, आणि युरियाने पाला फोफावतो.
बुंध्याभोवती निदान पाच फूट लॉन उचला. त्या बाजूचा स्प्रिंकलर दिवाळीनंतर हळूहळू कमी करून डिसेंबरात बंद करा. सात वर्षांच्या झाडाची मुळं खोल असतात, ते वाळणार नाही. कळ्या दिसल्या की दर पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी पुरे. खत म्हणून जूनमध्ये फांद्यांच्या घेराखाली दोन घमेली कुजलेलं शेणखत. बहावा शेंगांचा असला तरी त्याच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत, तेव्हा शेणखत चुकवू नका.

उत्तर २:
पाण्याइतकीच छाटणीही नडतेय. घोस मुख्यतः गेल्या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर, पानांच्या बेचक्यातून लोंबतात. जानेवारीत नेमक्या त्याच फांद्या जातात. छाटणी फुलं उतरल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करा आणि एका वर्षी पाव हिश्शापेक्षा जास्त घेर काढू नका, नाहीतर पानसोट, म्हणजे नुसता पाला धरणारे सरळसोट फुटवे, सुटतात. शेंडे सपाट कापण्यापेक्षा वायरीकडे जाणारी फांदी तिच्या आडव्या उपफांदीपर्यंत मागे घ्या.

प्रश्नकर्ता:
पावसाळ्यात हिरव्या अळ्या कोवळी पानं फस्त करतात. फवारणी करू का? आणि दुसऱ्या बहाव्याच्या शेंगांतून नवी रोपं करायची आहेत.

उत्तर २:
फवारू नका. त्या बहुधा फिकट पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या आहेत, बहावा त्यांचं हक्काचं अन्न. मोठं झाड काही आठवड्यांत पुन्हा पालवतं. रोप दोन फुटांच्या आतलं असेल तर अळ्या हाताने वेचा.

उत्तर ३:
काळ्या, वाळलेल्या शेंगेतल्या बिया घ्या आणि चिकट गर धुऊन टाका. बीचं कवच इतकं टणक असतं की तशीच पेरली तर महिनोन्‌महिने पडून राहते. बीच्या डोळ्याच्या (बी शेंगेला जिथे चिकटलेली असते त्या खुणेच्या) विरुद्ध टोकाला पॉलिशपेपरने आतला फिका भाग दिसेपर्यंत घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेल्या बिया एक सेंटिमीटर खोल पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, म्हणून उंच पिशवी वापरा आणि रोप पुढच्याच पावसाळ्यात जमिनीत लावा. पिशवीत गोल फिरलेलं मूळ पुढे सरळ होत नाही आणि झाड वाऱ्यात कलतं. काळी माती असेल तर उंचवट्यावर लावा, बुंध्याशी पाणी साचलं की मूळ कुजतं.