लघवीत जंतू सापडले म्हणजे संसर्ग झालाच असं नाही
ताई, तुम्ही विचारलंय की वृद्धाश्रमातल्या आईंच्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू आलाय, ताप नाही, जळजळ नाही, तर अँटिबायोटिक द्यायचं का. काहीही त्रास नसेल, तर नको. अशा संस्थांत राहणाऱ्या वयस्कर बायकांपैकी २५ ते ५० टक्क्यांच्या लघवीत कसलीही तक्रार नसताना जंतू सापडतात. महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) असेल, तर जवळपास सगळ्यांच्याच. नुसता वास किंवा गढूळपणा हे औषधाचं कारण नव्हे.

माझ्या सासूबाईंना असाच रिपोर्ट बघून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं होतं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालूच होतं. तिसऱ्या रात्री अंग घामाने थबथबलेलं, हाक मारली तर ओळख देईनात. साखर ४८! ही दोन औषधं एकत्र आली की साखर अशी उतरू शकते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

ताप, थंडी, नव्याने जळजळ किंवा कमरेच्या वर बाजूला दुखणं असेल, तर मात्र थांबू नका. पहिल्या डोसाआधी कल्चर पाठवा. कॅथेटर जुना असेल तर बदलून नव्यातून नमुना घ्यायला सांगा. डॉक्टरांना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा) रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी दाखवा. मूत्रपिंड फारच मंदावलेलं असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक चालत नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल, तर तेही आवर्जून सांगा. रिपोर्ट आला की औषध बदलायचं का, किती दिवस द्यायचं, हे पुन्हा विचारा. नुसतीच गुंगी किंवा बडबड असेल, तर आधी पाणी किती पोटात जातंय आणि पोट साफ होतंय का ते बघा.