पुस्तक बेदियाचं, नाव बेरियाचं

खडूस: काल इथे एकाने ठोकून दिलं की सोव्हिएत इतिहासकारांत वाङ्मयचौर्य नव्हतंच, लेखन सामूहिक, 'माझं-तुझं' ही भांडवली खोड. डोकंच फिरलं. सामूहिक ना? मग १९३५ च्या ट्रान्सकॉकेशियातल्या (जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान) बोल्शेविकांच्या, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांच्या, इतिहासाच्या पुस्तकावर एकट्या बेरियाचं, स्टालिनच्या पुढच्या गुप्त पोलीसप्रमुखाचं, नाव कसं? ते लिहायला राबले बेदिया आणि मंडळी. १९३७ मध्ये बेदियाला गोळी घातली. श्रेयाचा वादच मिटला.

लालभाई: बेरिया पक्षाचा सेक्रेटरी होता, इतिहासकार नव्हे. ते पुस्तक म्हणजे मुळात त्याचं भाषण; पुढाऱ्यांची भाषणं आजही दुसरेच लिहितात. इतिहासकारांचं बोला.

खडूस: त्या भाषणाने तरुण स्टालिनला काकेशसमधल्या अख्ख्या चळवळीचा नायक केला. नुसती चोरी परवडली असती.

मावशी_नगरकर: चोरीवरून आठवलं. माझ्या गाईडनी माझं तिसरं प्रकरण स्वतःच्या लेखात घातलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट! विचारलं तर म्हणे, "अगं, आपण एकाच घरातले."

बंडोपंत: ताई, तुम्ही सुखी. माझ्या पेपरावर मी चौथा. पहिल्या तिघांनी तो वाचलाही नव्हता. एकाने तर विषय काय म्हणून मलाच विचारलं.

मावशी_नगरकर: आमच्याकडे सरांच्या मुलीचंही नाव घालायचं होतं. ती तेव्हा बारावीत.

लालभाई: धागा रशियावर आहे हो!

मावशी_नगरकर: तुमचं 'सामूहिक लेखन' ते हेच ना?

लालभाई: टोमणे पुरे. अटक झालेल्याचं नाव तळटीपेत ठेवलं तर पुस्तक बाद, लेखकही गोत्यात. मग नाव गाळून त्याचं संशोधन वापरणं ही चोरी, की ते वाचवणं?

खडूस: हा मुद्दा पटला, नाइलाजाने. पण नाव गाळून स्वतःचं घालणारेही होतेच. आणि कागदपत्रं धुंडाळणाऱ्यांना 'दप्तरातले उंदीर' कोण म्हणालं, १९३१ च्या पत्रात? तुमचे स्टालिनसाहेबच.

लालभाई: 'तुमचे' कोणाला म्हणता? इतिहासकार तार्ले बघा. अटक, कझाकस्तानात अल्मा-अताला हद्दपारी, तरी १९३६ मध्ये नेपोलियनवर पुस्तक. स्वतःच्या अकलेने!

खडूस: तार्ले मान्य. त्याच अटकसत्रातला इतिहासकार प्लातोनोव्ह मात्र १९३३ मध्ये समारात हद्दपारीतच गेला. तो सोयीने विसरलात.

बंडोपंत: आणि बेरियाचं पुढे?

लालभाई: १९५३ मध्ये गोळी. मग सोव्हिएत ज्ञानकोशाच्या ग्राहकांना पत्र गेलं : बेरियाचं पान कापा, सोबतचं बेरिंग समुद्राचं चिकटवा. झालं समाधान?

खडूस: बेदियाचं पान कुठे चिकटवलं?

मावशी_नगरकर: बंडोपंत, तुमचे ते तिघे कुठल्या विद्यापीठातले? व्यक्तिगत निरोप करा.