शंभर बैशांची नोट: ओमानमध्ये फिरलेल्यांनो, तुमचेही किस्से येऊ द्या (अनुभव धागा)

घारीपुरी

दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरून जुनी पर्स निघाली आणि तिच्या आतल्या कप्प्यात शंभर बैशांची नोट. हिरवट, चुरगळलेली, सुलतान काबूस यांचा चेहरा. हजार बैशांचा एक रियाल. पैशांत मोजायची तर काहीच नाही. पण मी पंधरा मिनिटं शिडीवरच बसून राहिले.

जुलै २००९. आम्ही मस्कतला रुवीत राहायचो. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, लेक आठ महिन्यांची. मस्कतला ४५ डिग्री, आणि सगळे सांगत होते की सलालाला पाऊस पडतोय, जाऊन या. नवऱ्याने गाडी काढली. हजार किलोमीटर. आदम गाव गेल्यावर रस्ता जो सरळ होतो तो होतोच. तेव्हा दुपदरी साधा रस्ता होता, समोरून ट्रक आला की गाडी हलायची. दोन्ही बाजूंना वाळूसुद्धा धड नाही, नुसतं खडीचं मैदान. वाळवंट म्हणजे टेकड्या-बिकड्या अशी आईंची समजूत होती. त्या दर वीस मिनिटांनी डोळे उघडून विचारायच्या, "अजून हेच का?"

हैमाच्या अलीकडे टायर फुटला. स्टेपनी काढली तर तीही बसलेली (यावर आमच्या घरात अजून भांडण होतं, ते इथे नको). गाडीत पोरगी रडतेय, बाहेर भट्टी. दहा मिनिटांत एक पिकअप थांबली. डिशडाशा (तिथला पायघोळ झगा), टोपी, साठीचे गृहस्थ. आणि चक्क हिंदी! "अम्मा को धूप में मत रखो." आम्हा तिघींना त्यांनी बहिणीच्या घरी सोडलं आणि नवऱ्याला टायरसकट हैमाला घेऊन गेले.

त्या घरात कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला. एवढासा कप, दोन घोट, बरोबर खजूर. आईंनी संपवला की घरातली मुलगी परत भरायची. नाही म्हणायचं कसं, पाहुणचार आहे. आई पीत राहिल्या. सहा कप! नंतर कळलं की पुरे असेल तर कप हातात जरा हलवून द्यायचा असतो. आम्हाला कोण सांगणार?

निघताना त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी लेकीच्या मुठीत ही नोट कोंबली. आई एकदम गप्प झाल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "लेकराला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, यांच्यातही आहे हो."

थुमरेत गाव सोडलं आणि डोंगर उतरायला लागलो तर धुकं. वायपर चालू. सगळं हिरवंगार, उंट चिखलात. आई काच खाली करून ओरडल्या, "अगं ही तर आंबोली!"

तुमचंही सांगा. पाऊस, वाळू, कहवा, काहीही.

चहाबाज

सहा कप 😂😂 माझा विक्रम चार. निझवाला शुक्रवारच्या बकरी बाजारात. तिथे लोक गोल करून बसतात, मधून मालक बकऱ्या फिरवत नेतात आणि फिरता फिरताच भाव होतो. मी माशी उडवायला हात वर केला तर एका काकांनी बकरी माझ्यासमोर आणून उभी केली. बायको म्हणे, घेऊनच टाका, सोसायटीत पार्किंग आहे.

अर्धवट_प्रवासी

जबल अख़्दरच्या डोंगरावर कोणी साध्या गाडीने गेलंय का? आम्हाला खालच्या चौकीवर पोलिसाने परत पाठवलं. फोर बाय फोर नसेल तर वर सोडतच नाहीत. मी म्हटलं, आम्ही वरंधा घाट मारुतीने चढलोय. तो हसला आणि बोटाने यू-टर्न दाखवला.

भटकभवानी

@अर्धवट, बरोबर केलं त्याने. चढताना काही नाही, उतरताना ब्रेक जळतात. आम्ही खाली बिरकत अल मौजला गाडी लावून भाड्याची फोर बाय फोर केली. वर दोन हजार मीटरवर गुलाबाची शेती, एप्रिलमध्ये. उतारावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं, अगदी डोंगराला जिना केल्यासारखी, आणि पाणी फलजने येतं. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी नुसत्या उतारावर पाटाने गावात आणायचं, पंप नाही काही नाही. शेकडो वर्षांची सोय. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी ते ठरलेलं. आमच्या सांगलीकडे पाळीवरून डोकी फुटतात, इथे सावलीवर आणि ताऱ्यांवर वेळ मोजायचे म्हणे पूर्वी.

गुलाबपाणी घरात काढतात, मातीच्या भट्टीवर. धुरकट वास असतो त्याला. मी बाटली आणली, सासरी कोणाला आवडली नाही. "जळकं आहे" म्हणाले. मग मीच वापरली दोन वर्षं.

बळीराजा_७२

घारीपुरी ताई, सलालाच्या पावसाला ते लोक खरीफ म्हणतात ना? आपला खरीप हंगाम तोच शब्द. अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू. आमच्या सातबाऱ्यावर रोज लिहिलेला असतो, आणि मला हे मुलाने वाळवंटातून फोन करून सांगितलं.

बाकी ओमानचा अनुभव नाही, पण वाचतोय. आमच्याकडे सोयाबीन भिजलं यंदा.

चहाबाज

@बळीराजा 😔 कुठे तुमचं?

बळीराजा_७२

लातूरकडे. असो. लिहा तुम्ही.

मिस्टर_मालवणी

मी टुरिस्ट नव्हतो म्हणून लिहू की नको करत होतो.

१९९६ ला गेलो, इलेक्ट्रिशियन. कॅम्प आदम आणि हैमाच्या मधे कुठेतरी, नकाशावर नाव नाही. ताई, तुम्ही ज्या रस्त्याने गेलात त्याच्या कडेचे खांब बघितले असाल, त्यातले काही माझ्या हातचे. आमचा प्रवास म्हणजे कंपनीची बस. पहाटे साडेचारला कॅम्पवरून साइट, दुपारी सावलीत, परत साइट. आता जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हात काम बंद ठेवायचा नियम आहे. तेव्हा फोरमनच्या मनावर होतं. पाना उन्हात ठेवला तर हाताला फोड यायचा. आम्ही हत्यारं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचो.

पासपोर्ट कंपनीकडे. वडील वारले ते मला नवव्या दिवशी कळलं. गावात फोन फक्त वाण्याकडे, आणि कॅम्पवरून फोन लावायला शुक्रवारची वाट बघायची. कुणाला दोष देत नाही, तेव्हा असंच होतं.

पण एक सांगतो. रात्री. कॅम्पचा जनरेटर कधी बंद पडला की सगळे बाहेर. एवढे तारे मी मालवणात समुद्रावर होडीतून पण बघितले नाहीत. एक बलुची ओमानी ड्रायव्हर होता आमचा, तो नावं सांगायचा. सुहैल नावाचा तारा दिसायला लागला की उन्हाळा मोडला म्हणायचा. ऑगस्टअखेर आम्ही सगळे पहाटे उठून दक्षिणेला बघत बसायचो. केरळी, बंगाली, मी. दिसला की कोणीतरी चहा ठेवायचा.

आपल्याकडे त्यालाच अगस्ती म्हणतात, हे परत आल्यावर शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं.

सलाला बघितलं सहाव्या वर्षी, तेही बस रस्ता चुकली म्हणून नाही, एका केरळी मित्राच्या भावाकडे. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया टांगलेल्या. मी शहाळंवाल्यासमोर उभा राहून रडलो. त्याला वाटलं पैसे नाहीत, त्याने फुकट दिलं.

घारीपुरी

दादा… खांब खरंच आठवतात मला. आई मोजत होत्या झोप येऊ नये म्हणून. आज त्यांना वाचून दाखवते.

भटकभवानी

🙏

कासवछाप

मालवणी दादांच्या नंतर हलकंफुलकं लिहायला लाज वाटतेय पण लिहितो.

रास अल जिंझचा समुद्रकिनारा. हिरवी कासवं. आम्ही वेळासचे लोक, म्हणजे बायको दापोलीची, त्यामुळे "कासव काय बघायचं त्यात" असा तोरा. वेळासला सकाळी टोपली उचलली की ऑलिव्ह रिडलेची चिमुकली पिल्लं तुरुतुरु निघतात, टाळ्या, फोटो. इथे रात्री नऊनंतर गाइडबरोबर अंधारात वाळूतून चालायचं, टॉर्च त्याच्याच हातात, बोलायचं नाही. आणि मग एक कासवीण दिसली. मोठी, टेबलाएवढी! मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणत होती, आणि श्वास टाकायची तो ऐकू यायचा. बाळंतिणीच्या खोलीत चुकून शिरल्यासारखं वाटलं. बायको मागे सरली, म्हणाली, "चला, तिला राहू द्या."

मुलगा माझ्या खांद्यावर झोपलेला होता. अजून म्हणतो, तुम्ही मला उठवलं नाही.

गोनूग्रस्त

मी तिथेच वाढलो. वाळवंट म्हटलं की लोक तहान विचारतात, मला पूर आठवतो. जून २००७, गोनू चक्रीवादळ. आमच्या बिल्डिंगमागे वादी होती, म्हणजे कोरडी नदी. तिच्यात आम्ही क्रिकेट खेळायचो, दगडांचे स्टंप कायमचे रोवलेले. त्या दिवशी ती वादी आली. तिथे पूर आला म्हणत नाहीत, वादी आली म्हणतात, पाहुणा आल्यासारखं. गाड्या काड्यापेटीसारख्या वाहत गेल्या.

पुढची गंमत म्हणजे सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. मस्कतचं पिण्याचं पाणी समुद्रातून गोडं करून येतं, ते प्लांटच बंद पडले. आईने गणपतीसाठी जपून ठेवलेला पितळी हंडा काढला आणि आम्ही टँकरच्या रांगेत. पुढे मागे ओमानी, पठाण, मल्याळी. हंडा बघून एक ओमानी आजोबा म्हणाले, आमच्याकडे असाच होता, मुंबईहून आणलेला. खरंच असेल. १९७० पर्यंत तिथे व्यवहारात रुपयाच चालायचा, आधी भारतीय आणि १९५९ पासून भारताने आखातासाठी काढलेला गल्फ रुपया, तर हंडा का नाही येणार. "बैसा" तरी कुठून आलाय, आपला पैसाच तो.

नवी_कोरी

छान धागा. डिसेंबरमध्ये जातोय, पाच दिवस. वहिबाचं वाळवंट करावं का? लहान मुलं आहेत. आणि लोबान कुठला घ्यावा? आईला धूपासाठी हवाय.

अर्धवट_प्रवासी

करा. पण स्वतः गाडी घालू नका. टायरची हवा कमी करून वाळूत जायचं असतं हे मला यूट्यूबवरून माहीत होतं, किती कमी ते नाही. रुतलो. एक बदू (वाळवंटातल्या भटक्या जमातीचा) पोरगा आला, मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही, वाळू उपसली, मला सीटवरून उठवलं, आणि रिव्हर्समध्येच गाडी टेकडीवरून काढली. बायकोने त्याचा व्हिडिओ केला. माझा पण, खाली बसलेला.

चहाबाज

व्हिडिओ टाका!!

अर्धवट_प्रवासी

नाही.

गोनूग्रस्त

@नवी_कोरी, लोबान मस्कतला मुतरहच्या बाजारात मिळेल, पण पहिल्या दुकानात घेऊ नका, आतल्या गल्लीत जा. हौजरी म्हणून मागा, पांढरट हिरवट खडे असतात, तो चांगला. तपकिरी, कचरा मिसळलेला देतात तो फक्त धुरासाठी. चांगला खडा रात्री पाण्यात टाकून सकाळी पितात तिकडे. आईने करून बघितलं, म्हणाली देवळाचं पाणी प्यायल्यासारखं वाटतंय.

घारीपुरी

आईंना वाचून दाखवलं. त्या आता ८४. मालवणी दादांना नमस्कार सांगितलाय, आणि म्हणाल्या खांब चारशेच्या पुढे मोजले होते, मग झोप लागली. कहव्याबद्दल म्हणाल्या, सहा नाही, नऊ. "तू बाळाला घेऊन आत गेली होतीस, तेव्हा तीन झाले."

नवी_कोरी

धन्यवाद गोनूग्रस्त! अर्धा किलो पुरेल का?

गोनूग्रस्त

अर्धा किलोत शेजाऱ्यांचीही घरं निघतील. पाव आणा.