'स्टेटलेस'ला मराठीत काय म्हणावं? (आणि 'आयडेम्पोटंट'ला?)

नव्या प्रोग्रामरांसाठी एक टिपण लिहितेय : प्रोग्रामनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायच्या सोप, रेस्ट, ग्राफक्यूएल, जीआरपीसी या पद्धतींतलं कधी काय निवडावं. सोपचं प्रकरण सोपं गेलं (विनोद एकदाच केला, पुन्हा नाही). रेस्टपाशी अडले. रेस्ट म्हणजे 'रिप्रेझेंटेशनल स्टेट ट्रान्सफर'; त्यातल्या स्टेटला 'अवस्था' लिहिलं आणि दोनच ओळींखाली रेस्टची अट असलेल्या 'स्टेटलेस'ला 'अवस्थाहीन'. सहकाऱ्याने विचारलं, "अवस्थाच नाही, तर पाठवतात काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

— सहकाऱ्याने नेमकं बोट ठेवलं. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात रेस्टची मांडणी केली, तेव्हापासून इंग्रजीतही 'स्टेट' दोन अर्थांनी फिरतोय. पाठवली जाते ती वस्तूची स्थिती : ऑर्डर रवाना झाली की रद्द झाली. ती डेटाबेसात असते, तिचं प्रतिरूप जेसनमधून (मजकुराच्या एका ठरावीक मांडणीतून) जातं. स्टेटलेसमध्ये नसते ती संभाषणाची आठवण. क्लायंटने (माहिती मागणाऱ्या प्रोग्रामने) "पुढचं पान दे" म्हटलं, तर मागचं कुठलं होतं हे सर्व्हरला लक्षात ठेवावं लागतं. "तिसरं पान दे, हे माझं ओळखीचं टोकन" म्हटलं की कुठल्याही सर्व्हरने उत्तर द्यावं, दहा असोत की शंभर. म्हणून पहिल्या ठिकाणी 'स्थिती' लिहा आणि दुसऱ्या ठिकाणी 'स्मृतिनिरपेक्ष'. 'अवस्था' दोन्हीकडून काढाच. मराठीत "काय अवस्था झालीय त्या सर्व्हरची" याचा अर्थ वेगळा होतो.

— 'विसराळू सर्व्हर' का नको?

— विसराळूपणा हा दोष झाला. इथे न आठवणं ठरवून केलेलं आहे. शिवाय ऑर्डर तो विसरत नाही, फक्त तुम्हाला विसरतो.

— शब्दांवरून निघालंच आहे तर एक भर घालतो, तुमच्या टिपणाला उपयोगी पडेल. रेस्ट नामांची भाषा आहे, आरपीसी (दूरच्या प्रोग्रामला थेट काम सांगणं, जीआरपीसी त्यातलंच) क्रियापदांची. रेस्टमध्ये 'ऑर्डर क्रमांक १७' हा पत्ता, आणि त्याच्याशी काय करायचं ते गेट, पुट, डिलीट अशा मोजक्या क्रियांतून. जीआरपीसीत 'ऑर्डर रद्द कर' अशी थेट हाक. आमच्या एका कामात सगळ्या गरजा 'तपास', 'जुळव', 'पुन्हा मोज' अशा होत्या. तरी हट्टाने रेस्ट घेतलं आणि 'पुनर्मोजणी-विनंती' नावाचं नाम जन्माला घालावं लागलं. टीमच्या बोलण्यात क्रियापदंच जास्त असतील आणि दोन्ही टोकं आपल्याच हातात असतील, तर जीआरपीसी बघा. बाहेरच्या कुणीही येऊन वापरावं असं असेल तर रेस्ट. ग्राफक्यूएल तेव्हा, जेव्हा एकाच माहितीतून प्रत्येक स्क्रीनला वेगळे तुकडे हवे असतात.

— सोपमधला एस 'सिंपल'चा होता. २००३ च्या १.२ आवृत्तीत ते विस्तारित रूपच सोडून दिलं. प्रामाणिकपणा म्हणायचा.

— 'आयडेम्पोटंट' (तीच रिक्वेस्ट पुन्हा गेली तरी परिणाम तोच) हा शब्द मूळचा बीजगणितातला, बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये घडवलेला : वर्ग केला तरी तेच. त्यावरून 'वर्गसम' म्हणता येईल, पण पैसे दोनदा कापले जाण्याच्या भीतीत असलेल्या प्रोग्रामरला त्यातून काहीच कळणार नाही. 'उष्णतासह' विटा असतात तसं 'पुनरावृत्तिसह' कसं वाटतं?

— मी ते 'पुनरावृत्तीसोबत' असं वाचलं.

— हं. मग शब्द सोडा, उदाहरण द्या. "पंखा बंद कर" दहादा सांगितलं तरी पंखा बंदच. "बटण दाब" दोनदा सांगितलं तर पुन्हा सुरू. पुट आणि डिलीट पहिल्या जातीचे, पोस्टची (नवं काही दाखल करायला वापरतात ती क्रिया) तशी हमी नाही. उत्तर वाटेत हरवलं तर डिलीट बिनधास्त पुन्हा पाठवता येतं. दुसऱ्या वेळी ४०४ ('सापडलं नाही') आलं तरी बिघडत नाही, कारण मोजायचा तो सर्व्हरवरचा परिणाम, उत्तर नव्हे. ही तळटीप विसरू नका, तिथे हमखास वाद होतो.

— आभार. टिपणातली ओळ आता अशी आहे : "सर्व्हर स्मृतिनिरपेक्ष असतो, म्हणून प्रत्येक रिक्वेस्टने आपली ओळख स्वतः सांगावी, आणि रिक्वेस्ट पुन्हा चालेल अशी नसेल, तर ती पुन्हा पाठवण्याआधी विचारावं." सहकाऱ्याने वाचली. आता तो 'रिक्वेस्ट'ला 'विनंती' का नाही लिहिलं म्हणून मागे लागलाय.