ओहायोत दिवाळीला फटाके : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच कोलंबसजवळच्या एका उपनगरात राहायला आलो आहोत. ओहायोत पूर्वी फटाके विकत मिळायचे, पण 48 तासांत राज्याबाहेर नेईन अशा कागदावर सही करावी लागायची. सही करून लोक घरामागेच उडवायचे, हे सगळ्यांना ठाऊक! 1 जुलै 2022 पासून नवा कायदा आला. आता ठरावीक सणांना आपल्या जागेत फटाके उडवता येतात आणि त्या यादीत चक्क दिवाळी आहे. मात्र गावाला स्वतःची बंदी घालायची मुभाही आहे, आणि घोडं तिथेच अडलंय.

१. आपल्या गावाने बंदी घातली आहे का, हे नक्की कुठे विचारायचं? नगरपालिकेत की अग्निशमन दलाकडे? शेजारी सांगतात त्यावर माझा भरवसा नाही.
२. यादीतली ‘दिवाळी’ म्हणजे फक्त लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ का? नरकचतुर्दशीला कारीट फोडून झालं की पहाटे निदान एक भुईचक्र लावल्याशिवाय आमच्या आईंना दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही.
३. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुकानं उघडी असतात का? भुईनळे, फुलबाज्या पुरेत, बॉम्ब नकोच.

घरमालक संघटनेचे नियम वेगळे, ते मी बघतो. ओहायोत दोन-तीन दिवाळ्या काढलेल्यांनी कृपया सांगा.