नळाचा पांढरा थर, सोडा-व्हिनेगर आणि ओजसच्या दोन बाटल्या

सीमा, बी ४०३: गुड मॉर्निंग सगळ्यांना. कोणाच्या बाथरूममधल्या नळांना असं पांढरं धरलंय का, फोटो टाकतेय, शॉवरची निम्मी भोकं बुजलीत आणि केस तर काथ्यासारखे झालेत अगदी. मागच्या महिन्यातच सगळं घासून घेतलं होतं

पूजा, सी ३०१: सेम हिअर. गिझरमधून कढईत तेल तापल्यासारखा तडतड आवाज येतो

प्रसाद, सी ६०२: टँकर सुरू झाल्यापासून हे होणारच. खडकवासल्याचं पाणी गोडं असतं, बोअरचं आणि टँकरचं जड

शिंदे काका, बी १०४: 🙏 फॉरवर्डेड: नळाचे डाग घालवण्यासाठी एक वाटी व्हिनेगर व दोन चमचे खायचा सोडा एकत्र करा, फेस येताच डागावर ओता, जादू बघा. सर्वांना पाठवा.

सीमा, बी ४०३: काका हे करून झालंय, फेस भरपूर आला, डाग जिथल्या तिथे

लता मावशी, ए १०१: फेस आला ना, तिथेच जादू संपली. व्हिनेगर आंबट, सोडा खारट, दोघं एकमेकांना भिडतात, गॅस उडून जातो आणि मागे राहतं ते जवळजवळ खारट पाणी. एक चमचा सोडा साधारण अर्धी वाटी व्हिनेगर मारून टाकतो, तुम्ही दोन चमचे टाकलेत म्हणजे अख्खी वाटी वाया. नळावरचा थर ही चुनखडी आहे गं, तिला नुसतं आंबट लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भर, ती शॉवरच्या तोंडाला रबरबँडने बांध आणि अर्धा तास विसरून जा. मग जुन्या टूथब्रशने घास. जास्त वेळ ठेवू नकोस, वरचा चकचकीत मुलामा जातो

पूजा, सी ३०१: मावशी व्हिनेगरऐवजी लिंबू?

लता मावशी, ए १०१: चालेल पण किती लिंबं पिळशील, किराणावाल्याकडे लिंबूसत मिळतं ते आण. केटलीत अर्धं पाणी, एक चमचा लिंबूसत, कोमट करून ठेवून दे. आतली पापडी कशी सुटून वर येते बघ. नंतर दोनदा नुसतं पाणी उकळून टाक नाहीतर चहा फाटेल

पूजा, सी ३०१: 😂 एकदा फाटलाय, तेव्हा दुधाला बोल लावला होता

सेक्रेटरी: सभासदांना विनंती की पाण्याबाबत तक्रार ग्रुपवर न करता रजिस्टरमध्ये करावी. जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर प्लांट व्यवस्थित चालू आहे.

प्रसाद, सी ६०२: सर चालू असेल पण मी काल टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं ते) बघितलं, टँकरचं पाणी ६१०, सॉफ्टनरमधून बाहेर पडलेलं ६२०. म्हणजे काहीच कमी होत नाहीये, प्लांट शोभेला आहे

सेक्रेटरी: कंपनीचा माणूस म्हणतो टीडीएस कमी होत नसतोच

प्रसाद, सी ६०२: म्हणणारच तो

लता मावशी, ए १०१: थांब प्रसाद, त्या माणसाचं बरोबर आहे. सॉफ्टनर पाण्यातून काही काढून घेत नाही, अदलाबदल करतो. आत बारीक मण्यांसारखं रेझिन असतं, मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. मीटरला फक्त वीज किती वाहते ते कळतं, विरघळलेलं काय आहे ते नाही. कॅल्शियम गेलं, सोडियम आलं, आकडा तिथेच. आकडा तोच आहे म्हणून प्लांट बंद आहे असं नाही, आणि चालू आहे असंही नाही 🙂

प्रसाद, सी ६०२: ओके 🙈 सेक्रेटरी सर सॉरी

शिंदे काका, बी १०४: आम्ही गावी माठात तुरटी फिरवायचो, पाणी कसं काचेसारखं. टाकीत तुरटी टाकून बघा की

लता मावशी, ए १०१: काका तुरटीने गढूळपणा जातो, गाळ एकत्र गोळा होऊन तळाला बसतो. हे पाणी मुळात स्वच्छच दिसतंय, यातला क्षार विरघळलेला आहे, तो तुरटीला सापडत नाही

मिहिरची आई, ए ५०४: म्हणून माझी तुरीची डाळ शिजत नाही का हो? पाच शिट्ट्या करूनही कडक. मी दुकानदाराशी भांडून आले

लता मावशी, ए १०१: दुकानदाराची माफी माग हो. डाळीच्या दाण्याला धरून ठेवणारं पेक्टिन असतं, कॅल्शियम जाऊन त्याला आणखी घट्ट बांधतं. माझी आई म्हणायची बोअरच्या पाण्याला डाळ मान देत नाही. आरओच्या पाण्यात भिजव आणि त्यातच शिजव. चिमूटभर सोड्यानेही होतं पण चव जाते आणि डाळीचं पिठलं होतं

सीमा, बी ४०३: आरओचं वाया जाणारं पाणी मी फरशी पुसायला घेते, ते बरोबर ना

प्रसाद, सी ६०२: त्यात तर सगळे क्षार आणखी घट्ट होऊन आलेले असतात. वाळलं की काळ्या फरशीवर पांढुरके फराटे. टॉयलेटला ओता

सीमा, बी ४०३: तरीच!! मी बाईंना ओरडत होते

(११:४०)

सीमाचा फोन: नमस्कार मी ओजस आहे आठवीतला आईचा फोन घेतलाय. लता आजी मला एक प्रश्न आहे तुम्ही म्हणालात चुनखडीवर आंबट टाकलं की गॅस येतो तर मी खडूवर व्हिनेगर टाकलं पण बुडबुडे आलेच नाहीत. पुस्तकात तर खडू म्हणजे चुनखडी असं असतं

लता मावशी, ए १०१: शाब्बास, करून बघितलंस. अरे फळ्यावरचे खडू आता बरेचसे जिप्समचे असतात, जिप्सम व्हिनेगरला दाद देत नाही. ३१ वर्षं मी त्याच खडूने फळ्यावर चुनखडीचं समीकरण लिहिलं. अंड्याचं कवच घे, त्यावर टाक

सीमाचा फोन: आमच्याकडे अंडी नसतात

प्रसाद, सी ६०२: ये रे वरती, माझ्याकडे आहेत. आईला सांगू नकोस

सीमा, बी ४०३: आईचाच फोन आहे तो 😑

सीमाचा फोन: आजी आले बुडबुडे!! आणि केटलीतल्या पापडीवर पण आले. पण ही चुनखडी पाण्यात होती तर पाणी पांढरं का नव्हतं

लता मावशी, ए १०१: हा खरा प्रश्न. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आंबट होतं आणि खडकातलं कॅल्शियम ओढून घेतं. तेव्हा ते बायकार्बोनेट म्हणून विरघळून राहतं, डोळ्याला दिसत नाही. तापवलं की गॅस निघून जातो आणि कॅल्शियम परत दगड होऊन बसतं. म्हणून गार पाण्याच्या नळापेक्षा गिझरच्या कॉइलवर जास्त. तो थर उष्णता अडवतो, आत अडकलेलं पाणी उकळतं, पूजाची तडतड तीच

पूजा, सी ३०१: म्हणजे माझ्या गिझरात दगड शिजतोय

प्रसाद, सी ६०२: अरे माझ्याकडे फिश टँकची हार्डनेस किट आहे की, पाण्याचा जडपणा मोजायची, लक्षातच आलं नाही. ५ मिली पाणी घ्यायचं, थेंब मोजत टाकायचे, नारंगीचं हिरवं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम चुनखडी. रात्री करतो

सीमाचा फोन: मी पण एक प्रयोग केला तर चालेल का, पुस्तकात साबणाचा आहे

लता मावशी, ए १०१: कर. आंघोळीच्या साध्या साबणाचा कीस घे, बॉडीवॉश नको आणि कपड्याची पावडर नको, त्या जड पाण्यातही फसफसतात. दोन सारख्या बाटल्या, सारखं पाणी, सारखा कीस, दोन्ही वीस वेळा हलव

(दुपारी)

पूजा, सी ३०१: थोडं अवांतर, पांढऱ्या कुर्त्यावर वरणाचा डाग पडला, साबण लावला तर डाग एकदम लाल!! रंग लागला का कशाचा?

मिहिरची आई, ए ५०४: घाबरू नको, हळद आहे. साबण धुवून टाक, परत पिवळा होतो

पूजा, सी ३०१: पण लाल का

मिहिरची आई, ए ५०४: मुका मार लागला की आजी हळद-चुना लावायची, तोही लालच व्हायचा ना, तसंच काहीतरी. मावशी?

लता मावशी, ए १०१: अगदी तसंच. हळदीतलं कुरक्युमिन आंबटात पिवळं, साबण-चुन्यात लाल. पूजा, त्या लाल डागावर लिंबू पिळ, डोळ्यांदेखत पिवळा होईल. पिवळा राहिला तर ओला कुर्ता कडक उन्हात टाक, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. ब्लीच लावू नकोस, कापड जाईल

पूजा, सी ३०१: लिंबू पिळलं, झाला पिवळा 😮 आता तीनदा तेच केलं, लाल-पिवळा लाल-पिवळा, कुर्ता धुवायचा राहिलाच

(४:१५)

सेक्रेटरी: अर्जंट. क्लबहाऊसच्या टॉयलेटकडे कोणी जाऊ नका. साफसफाई करताना सफाईवाल्या मावशींना ठसका लागला, डोळ्यातून पाणी येतंय

लता मावशी, ए १०१: काय टाकलं होतं?

सेक्रेटरी: कडेने ब्लिचिंग पावडर टाकून ठेवली होती, डाग जाईना म्हणून वरून ॲसिड ओतलं

लता मावशी, ए १०१: त्यांना आधी मोकळ्या हवेत आणा, खाली वाकू देऊ नका. खिडक्या दारं उघडा आणि तुम्हीही बाहेर थांबा, पाणी ओतायला किंवा बघायला आत जाऊ नका. श्वास लागत असेल तर वाट न बघता दवाखान्यात न्या

सेक्रेटरी: आणलंय बाहेर. डोळे धुतले. बोलतायत नीट. डॉक्टरांकडे पाठवतो तरी

प्रसाद, सी ६०२: क्लोरीन ना मावशी

लता मावशी, ए १०१: हो. ब्लीचमध्ये आंबट पडलं की क्लोरीन सुटतो, आणि तो हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो, म्हणजे फरशीलगत साचतो, आणि घासणारी बाई नेमकी तिथेच बसलेली. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी बेल्जियममधल्या ईप्रला हाच वायू सैनिकांवर सोडला होता. सकाळी मी फेस-बिस म्हणून हसत होते पण हे हसण्यावारी नाही. आपल्याला वाटतं एकाने जात नाही तर दोन टाकू, दोन क्लीनर म्हणजे दुप्पट साफ. सोडा-व्हिनेगरमध्ये फक्त पैसे गेले. इथे माणूस जातो. ब्लीच वेगळ्या दिवशी, ॲसिड वेगळ्या दिवशी, मध्ये भरपूर पाणी. ब्लीचमध्ये व्हिनेगरही नको, लिंबूही नको, अमोनियावालं काच पुसायचंही नको

शिंदे काका, बी १०४: पण मॅडम चूक मावशींची नाही. त्या सुट्या ॲसिडच्या बाटलीवर नावच नसतं. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतात

लता मावशी, ए १०१: काका आज तुम्ही लाखातलं बोललात

सेक्रेटरी: सुटं ॲसिड आजपासून बंद. बाटल्यांवर मराठी व हिंदीत नावे लावतो.

मिहिरची आई, ए ५०४: आणि ते ॲसिड जिन्यातल्या शहाबादी फरशीवर ओतू नका हो, पायऱ्या खडबडीत झाल्यात

प्रसाद, सी ६०२: शहाबाद म्हणजे चुनखडीचाच दगड, ओजसच्या पापडीचा मोठा भाऊ. कडप्पाही तसाच. ज्यांचा ओटा कडप्प्याचा आहे त्यांनी व्हिनेगर सांडू देऊ नका, ग्रॅनाइटला फरक पडत नाही

(रात्री ८:५०)

सीमाचा फोन: मी ओजस. मी एक बाटली टँकरच्या पाण्याची घेतली, एक सॉफ्टनरच्या बाहेरच्या नळाची आणि एक आरओची, दोन म्हणालात पण तीन घेतल्या. वीस वेळा हलवलं. आरओच्या बाटलीत फेस वरपर्यंत आला. पण टँकर आणि सॉफ्टनर दोन्हीत फेस नाही, दूध नासल्यासारखी पांढरी साय आली. दोन्ही सेम दिसतायत. फोटो टाकतो. माझं काही चुकलं का

लता मावशी, ए १०१: परत करून बघ, बाटल्या धुवून

सीमाचा फोन: दोनदा केलंय

प्रसाद, सी ६०२: किट लावली. टँकर २७ थेंब. सॉफ्टनरच्या बाहेर २६ 😶 म्हणजे लिटरला ४८० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत

लता मावशी, ए १०१: म्हणजे १५ लिटरच्या बादलीत सात ग्रॅम चुनखडी. सगळी बसत नाही पण बसते ती दिसतेच आहे. सेक्रेटरी साहेब, प्लांटला मीठ कधी घातलं होतं? त्या मण्यांचं सोडियम संपलं की दाट मिठाच्या पाण्याने परत भरून घ्यावं लागतं, नाहीतर पाणी नुसतं मण्यांमधून फिरून येतं

सेक्रेटरी: मिठाचं बिल दर महिन्याला पास होतंय. चौकशी करतो.

सेक्रेटरी: पंपरूममध्ये जाऊन आलो. मिठाची ५० किलोची चार पोती भिंतीला लावून ठेवलीत, एकाचंही तोंड उघडलेलं नाही. ऑपरेटर नवीन आहे, त्याला वाटलं ते बागेसाठी आहे

पूजा, सी ३०१: बागेसाठी मीठ????

शिंदे काका, बी १०४: बरं झालं नाही टाकलं, गुलाब वाचले

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १२ सॉफ्टनर रिजनरेशन, वापरायचं पाणी बंद राहील. बादल्या भरून ठेवाव्यात. मावशींना डॉक्टरांनी घरी सोडलंय, दोन दिवस सुट्टी दिली आहे, पगारी.

(दुसऱ्या दिवशी, १२:३५)

प्रसाद, सी ६०२: सॉफ्टनरच्या बाहेर २ थेंब 👏 टीडीएस मात्र ६२५

सीमाचा फोन: आजी बाटलीत फेस आला टोपणापर्यंत!! आता मी समुद्राचं पाणी आणणार आहे, मामा अलिबागला गेलाय

सीमा, बी ४०३: माझा आंघोळीचा साबण अर्धा किसून संपवलाय याने, नवीन वडी आणून द्या कोणीतरी

मिहिरची आई, ए ५०४: लिफ्टपाशी पिवळी बादली कोणाची आहे? झाकण नाही, पाय अडकतोय