सनद निलंबित असलेल्या वकिलाला विधानसभा लढवता येते का?

रंकाळाकाठ: पेठेतल्या एका वकिलांची सनद (वकिलीचा परवाना) बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने निलंबित केलीय. पक्षकाराच्या फसवणुकीचा खटलाही चालू आहे, दोषारोप निश्चित झालेत. आता म्हणे कोल्हापूर उत्तरमधून अपक्ष उभं राहणार. छाननीत अर्ज उडेल ना?

बावडेकर: नाही उडत. सनदेचा विषय ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961, कलम 35 चा. आमदारकीची अपात्रता बघायची ती लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 8 मध्ये, आणि तिथं सनदेचा उल्लेखच नाही. फसवणुकीत दोषी ठरून किमान दोन वर्षांची कैद झाली तरच दोषी ठरल्या दिवसापासून अपात्र, सुटल्यावर आणखी 6 वर्षं. आणि दोन गुन्ह्यांत एक-एक वर्ष झालं, ते एकामागून एक भोगायचं असलं, तर बेरीज धरतात (सर्वोच्च न्यायालयाचा प्रभाकरन निकाल, 2005). इथं भलेभले गाफील राहतात.

कसबा गेट: पुढची गोम अशी, की अपिलात जामीन मिळाला, शिक्षा थांबली, एवढ्यानं भागत नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती लागते, तीही छाननीच्या आधी.

बावडेकर: बरोबर. बाकी अपक्षाचे अर्ज बहुतेक कागदांवरच पडतात. दहा सूचक (उमेदवाराचं नाव सुचवणारे मतदार) लागतात, दहाही उत्तरच्याच मतदारयादीतले. एक जरी दक्षिणचा निघाला तर संपलं. उमेदवाराचं स्वतःचं नाव करवीरच्या यादीत असलं तर त्या यादीची प्रमाणित प्रत जोडायची. अनामत 10,000, अनुसूचित जाती-जमातीला निम्मी. नमुना 26 मध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शपथपत्रात, रकाना कोरा सोडायचा नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. निवडणूक खर्चाचं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडायचं.

रंकाळाकाठ: आणि शपथपत्रात खटला दडवला तर?

कसबा गेट: दडवला म्हणून निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज नाकारत नाहीत, खरं-खोटं करणं छाननीचं काम नव्हे. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. निवडून आले तर निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका टाकता येते. शिवाय खटल्याची माहिती माघारीची मुदत संपल्यावर पेपरात आणि टीव्हीवर तीन वेळा द्यायची असते.